सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी मूल का होत नाही? 'अनएक्स्प्लेन्ड इन्फर्टिलिटी' समजून घेऊया

सोनोग्राफी नॉर्मल. हार्मोन्स नॉर्मल. नळ्या मोकळ्या. नवऱ्याचा रिपोर्टही नॉर्मल. मग अडतंय कुठे?

मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या अनेक जोडप्यांना हा प्रश्न पडतो. डॉक्टर फाइल चाळतात आणि सांगतात, "दोघांतही काही दोष सापडत नाही." ऐकायला ही चांगली बातमी वाटते. पण घरी परतताना डोक्यात एकच विचार असतो. दोषच सापडला नाही, तर उपचार कशावर करायचा?

वैद्यकीय भाषेत याला 'अनएक्स्प्लेन्ड इन्फर्टिलिटी' म्हणतात, म्हणजेच कारण न सापडलेलं वंध्यत्व. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण ६ पैकी १ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. तपासणीसाठी येणाऱ्या जोडप्यांपैकी १५ ते ३० टक्के जोडप्यांमध्ये नेहमीच्या तपासण्यांत कोणतंही कारण सापडत नाही. त्यामुळे तुमच्या फाइलवर हे शब्द लिहिलेले असतील, तर तुम्ही एकटे नाही.

या निदानाचा अर्थ काय, कोणते उपचार खरंच उपयोगी पडतात आणि कुठे पैसे वाया जातात, हे एकेक करून पाहू.

हे निदान कधी करतात?

एक वर्ष नियमित शरीरसंबंध ठेवूनही, कोणतंही गर्भनिरोधक न वापरता गर्भधारणा झाली नाही, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. स्त्रीचं वय ३५ पेक्षा जास्त असेल, तर सहा महिन्यांनंतरच तपासणी सुरू करावी. पाळी खूप अनियमित असेल, ओटीपोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा पुरुषाला अंडकोषाचा काही त्रास झाला असेल, तर तेवढंही थांबू नये.

'कारण सापडलं नाही' असं म्हणण्यापूर्वी किमान या तीन गोष्टी तपासलेल्या असाव्या लागतात:

१. स्त्रीबीज दर महिन्याला तयार होतं का? पाळी नियमित असेल तर बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं. शंका असेल तर पाळी येण्याच्या साधारण सात दिवस आधी प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी करतात किंवा सोनोग्राफीने बीज वाढताना पाहतात.

२. गर्भनलिका मोकळ्या आहेत का? यासाठी एचएसजी हा एक्स-रे काढतात किंवा सोनोग्राफी करताना द्रव सोडून नळ्या तपासतात. गर्भाशयात गाठ किंवा पडदा नाही ना, हेही पाहतात.

३. वीर्याचा रिपोर्ट कसा आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार एक मिलिलिटर वीर्यात किमान १ कोटी ६० लाख शुक्राणू असावेत, एकूण ४२ टक्के शुक्राणू हालचाल करणारे असावेत आणि ४ टक्के तरी योग्य आकाराचे असावेत. हे निकष मूल झालेल्या पुरुषांच्या तपासण्यांवरून काढले आहेत. म्हणून आकडा याच्या थोडा खाली आला, तरी मूल होणारच नाही असं नसतं.

तिसऱ्या तपासणीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आपल्याकडे आधी बाईच्या सगळ्या तपासण्या होतात. रक्त, सोनोग्राफी, एचएसजी, कधी कधी थेट दुर्बिणीचं ऑपरेशन. नवऱ्याची तपासणी मात्र 'नंतर बघू' म्हणून राहून जाते. खरं तर वीर्यतपासणी सगळ्यांत सोपी, स्वस्त आणि विनात्रासाची. दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्यायचा, इतकंच. ती झाल्याशिवाय 'कारण सापडलं नाही' हे वाक्य अर्धवटच म्हणावं लागेल.

रिपोर्ट नॉर्मल, मग अडतं कुठे?

तपासण्या पाहतात त्या ठळक गोष्टी. बीज आहे का, वाट मोकळी आहे का, शुक्राणू पुरेसे आहेत का. पण गर्भधारणेच्या वाटेवर याहून बारीक पायऱ्या बऱ्याच आहेत. बीज नळीत नीट उचललं गेलं का, शुक्राणू बीजाचं आवरण भेदू शकला का, तयार झालेला गर्भ पुढे वाढला का, गर्भाशयाच्या अस्तरात रुजला का? यातलं बरंचसं आजच्या नेहमीच्या तपासण्यांत दिसतच नाही.

काही शक्यता अशा:

बीजाचा दर्जा: वय वाढतं तसं बीजांमधल्या गुणसूत्रांतल्या चुका वाढतात. पस्तिशीनंतर हा बदल वेग घेतो. एएमएच या तपासणीतून बीजांची शिल्लक साधारण कळते, पण बीजांचा दर्जा कळत नाही. त्यामुळे एएमएच चांगलं असूनही गर्भधारणा लांबू शकते, आणि कमी असूनही नैसर्गिकरीत्या राहू शकते.

सौम्य एन्डोमेट्रिओसिस: गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी बाहेर वाढते. सौम्य स्वरूपात ती सोनोग्राफीत दिसत नाही. पाळीत असह्य दुखत असेल किंवा संबंधांच्या वेळी दुखत असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शुक्राणूंचं काम: संख्या आणि हालचाल मोजता येते. पण बीज फलित करण्याची क्षमता साध्या वीर्यतपासणीत कळत नाही.

आणि एक शक्यता अशी, की दोष काहीच नाही. निरोगी तरुण जोडप्यातही एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता साधारण २० ते २५ टक्केच असते. पहिल्या वर्षात ८० टक्क्यांहून जास्त जोडप्यांना यश येतं. उरलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दुसऱ्या वर्षात कोणत्याही उपचाराशिवाय येतं. म्हणजे वर्षभर यश न आलेल्यांमध्ये बरीच जोडपी अशी असतात, ज्यांच्या बाबतीत फक्त वेळ लागतोय.

थांबायचं की उपचार सुरू करायचे?

हे दोन गोष्टींवर ठरतं: स्त्रीचं वय आणि प्रयत्नांचा काळ.

नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नैसर्गिक गर्भधारणेची मध्यम शक्यता असलेली २५३ जोडपी होती. अर्ध्या जोडप्यांवर सहा महिने औषधं आणि आययूआय केलं, अर्ध्यांना फक्त वाट पाहायला सांगितलं. उपचार घेतलेल्यांत २३ टक्के गर्भधारणा टिकल्या, वाट पाहिलेल्यांत २७ टक्के. उपचारांनी काहीच जास्तीचं मिळालं नाही.

पण २०१८ मध्ये न्यूझीलंडमधून उलटा निकाल आला. तिथे नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता कमी असलेली २०१ जोडपी निवडली होती. गोळ्यांसह आययूआयच्या तीन सायकल घेतलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना मूल झालं, वाट पाहिलेल्यांपैकी ९ टक्क्यांना.

दोन्ही निकाल खरे आहेत, कारण जोडपी वेगळी होती. स्त्री तिशीच्या आतली आणि प्रयत्न जेमतेम वर्षभराचे असतील, तर आणखी काही महिने थांबणं शहाणपणाचं ठरू शकतं. वय ३५ च्या पुढे असेल किंवा दोन-तीन वर्षं उलटली असतील, तर थांबण्यात मौल्यवान वेळ जातो. ३८ च्या पुढे अनेक तज्ज्ञ मधल्या पायऱ्या कमी करून लवकर आयव्हीएफकडे जायचा सल्ला देतात.

उपचारांच्या पायऱ्या कोणत्या?

पहिली पायरी: नुसत्या गोळ्या?

'दर महिन्याला गोळ्या घ्या, फॉलिकल स्टडी करा आणि घरी प्रयत्न करा' हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. ज्या स्त्रीमध्ये बीज तयार होत नाही, उदाहरणार्थ पीसीओएसमध्ये, तिथे या गोळ्या खूप उपयोगी आहेत. पण जिथे बीज आधीच दर महिन्याला तयार होतंय, तिथे?

ब्रिटनमध्ये ५८० जोडप्यांवर झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वाट पाहिलेल्यांपैकी १७ टक्क्यांना मूल झालं, नुसत्या क्लोमिफेन गोळ्या घेतलेल्यांपैकी १४ टक्क्यांना. म्हणजे गोळ्यांनी फायदा दिसला नाही. गंमत म्हणजे वाट पाहणाऱ्या जोडप्यांपेक्षा उपचार घेणारी जोडपी जास्त समाधानी होती. 'काहीतरी चालू आहे' याचा दिलासा मोठा असतो, हे खरं. पण दिलासा आणि परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी पायरी: गोळ्या आणि आययूआय

आययूआयमध्ये वीर्य प्रयोगशाळेत धुऊन त्यातले चपळ शुक्राणू वेगळे काढतात आणि बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडतात. त्याआधी पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस क्लोमिफेन किंवा लेट्रोझोल देतात, सोनोग्राफीने बीज किती वाढलं ते पाहतात आणि योग्य वेळी बीज फुटण्याचं इंजेक्शन देतात. भूल लागत नाही. काही मिनिटांचं काम असतं.

युरोपातल्या प्रजनन तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. कारण न सापडलेल्या वंध्यत्वात औषधांसह आययूआय हा पहिला उपचार असावा, असं त्यात म्हटलं आहे. साधारण तीन ते चार सायकल करून पाहतात.

गोळ्यांऐवजी रोजची हार्मोनची इंजेक्शनं दिली तर यश वाढतं का? अमेरिकेत ९०० जोडप्यांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार सायकलपर्यंत आययूआय केलं. इंजेक्शनं घेतलेल्यांपैकी ३२ टक्क्यांना मूल झालं, क्लोमिफेन घेतलेल्यांपैकी २३ टक्क्यांना, लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी १९ टक्क्यांना. पण इंजेक्शनांच्या गटात दर तीन गर्भधारणांमागे साधारण एक जुळी किंवा तिळी होती. जुळं म्हटलं की घरात आनंद होतो, पण अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाची बाळं आणि आईचा वाढलेला रक्तदाब हे धोकेही सोबत येतात. म्हणून बीजं जास्त वाढली, तर चांगले डॉक्टर ती सायकल रद्द करतात. अशा वेळी चिडू नका. तो निर्णय तुमच्या काळजीपोटीच असतो.

तिसरी पायरी: आयव्हीएफ

बीजं शरीराबाहेर काढून प्रयोगशाळेत फलित करतात आणि तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा या मुलीचा जन्म झाला, तेव्हापासून हे तंत्र महाराष्ट्राला परिचित आहे.

पण थेट आयव्हीएफच करावं का? नेदरलँड्समध्ये ६०२ जोडप्यांवर झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३८ वर्षांपर्यंतच्या स्त्रिया होत्या. एकेक गर्भ सोडून केलेल्या आयव्हीएफ गटात ५२ टक्क्यांना निरोगी बाळ झालं, औषधांसह आययूआयच्या गटात ४७ टक्क्यांना. फरक फारसा नव्हता. म्हणजे वय हाताशी असेल, तर आधी आययूआय करून पाहण्यात नुकसान नाही, आणि खर्चही बराच वाचतो.

आयव्हीएफचा आणखी एक उपयोग आहे. कधी कधी न सापडलेलं कारण इथेच सापडतं. बीजं फलितच झाली नाहीत किंवा गर्भ तिसऱ्या दिवशीच थांबला, तर अडचण कुठे आहे याचा अंदाज येतो.

पैसे कुठे वाया जातात?

निदान नसेल तर आशा विकणं सोपं होतं. खालच्या गोष्टी सुचवल्या गेल्या, तर 'याचा माझ्या बाबतीत फायदा काय?' असं नक्की विचारा.

इक्सी: यात एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडतात. शुक्राणू खूप कमी असतील तर हे वरदान आहे. पण शुक्राणू नॉर्मल असतील तर? व्हिएतनाममध्ये अशा १,०६४ जोडप्यांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इक्सीने ३५ टक्के आणि साध्या आयव्हीएफने ३१ टक्के जोडप्यांना मूल झालं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक ग्राह्य नव्हता.

अस्तराला ओरखडा देणं: यामुळे गर्भ चांगला रुजतो असं मानत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आयव्हीएफ घेणाऱ्या १,३६४ स्त्रियांच्या अभ्यासात ओरखडा दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही गटांत मूल होण्याचं प्रमाण सारखंच निघालं: २६.१ टक्के.

सरसकट दुर्बिणीची तपासणी, शुक्राणूंच्या डीएनएची चाचणी, प्रतिकारशक्तीच्या महागड्या तपासण्या: बाकी सगळं नॉर्मल असताना या नेहमीच्या तपासण्या म्हणून करू नयेत, असं युरोपच्या सूचना सांगतात. लक्षणं असतील तर गोष्ट वेगळी.

याउलट एक साधी गोष्ट उपयोगी ठरली आहे. एचएसजी करताना पाण्याऐवजी तेलयुक्त द्रव वापरला, तर पुढच्या सहा महिन्यांत गर्भधारणा वाढतात, असं नेदरलँड्सच्या १,११९ स्त्रियांच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं: ३९.७ टक्के विरुद्ध २९.१ टक्के. सगळीकडे हा द्रव मिळत नाही आणि काही स्त्रियांच्या थायरॉइडवर त्याचा परिणाम होऊ शकतो. डॉक्टरांना विचारून पाहायला मात्र हरकत नाही.

आपल्याकडचा एक वेगळा मुद्दा: टीबी

जननेंद्रियांचा क्षयरोग हे भारतात वंध्यत्वाचं महत्त्वाचं कारण आहे. तो खोकला-तापाशिवाय, गुपचूप नळ्या आणि अस्तर खराब करतो. घरात कुणाला टीबी झाला असेल, पाळीचं प्रमाण खूप कमी झालं असेल किंवा ओटीपोट सतत दुखत असेल, तर डॉक्टरांना सांगा.

याची दुसरी बाजूही आहे. फक्त पीसीआर चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून सहा महिने टीबीची औषधं सुरू होतात. ही चाचणी कधी कधी खोटी पॉझिटिव्ह येते आणि औषधांचे यकृतावर दुष्परिणाम होऊ शकतात. दुसरा काही पुरावा आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

घरी काय करता येईल?

संबंध केव्हा ठेवायचे? बीज फुटतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, असा सहा दिवसांचा काळ महत्त्वाचा असतो. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, बीज मात्र फार तर एक दिवस. २८ दिवसांची पाळी असेल तर हा काळ साधारण नवव्या ते चौदाव्या दिवसात येतो. कॅलेंडर बघून ताण घेण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीन वेळा संबंध असले, तरी पुरतं. नवरा पुण्यात आणि बायको गावी, किंवा एकाची रात्रपाळी आणि दुसऱ्याची दिवसपाळी असेल, तर हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका. अनेकदा कारण तिथेच असतं.

सिगारेट, तंबाखू, गुटखा दोघांनीही बंद करावा. दारू टाळावी. वजन फार जास्त किंवा फार कमी असेल तर ते आवाक्यात आणावं. जिममध्ये शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं शुक्राणूंची निर्मिती थांबवू शकतात, हे अनेक तरुणांना माहीत नसतं. स्त्रीने गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावं. त्याने बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टळायला मदत होते.

अनोळखी पुड्या आणि 'मुलगा होण्याची' औषधं कटाक्षाने टाळा. अशा काही औषधांत शिशासारखे जड धातू सापडले आहेत. शिवाय लिंगनिवडीला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे.

कायदा आणि खर्च

भारतात २०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा लागू आहे. त्यानुसार क्लिनिकची नोंदणी सक्तीची आहे. उपचारांसाठी स्त्रीचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असावं लागतं. यशाची शक्यता, धोके आणि खर्च याबद्दल जोडप्याला समुपदेशन देणं ही क्लिनिकची जबाबदारी आहे. 'शंभर टक्के यशाची हमी' देणाऱ्या जाहिरातीपासून चार हात लांब राहिलेलं बरं.

बहुतेक सर्वसाधारण आरोग्य विम्यांत वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात, त्यामुळे पॉलिसी नीट वाचा. आययूआय आणि आयव्हीएफची सोय काही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही आहे. गोवा मेडिकल कॉलेजमध्ये २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफची सुविधा सुरू झाली. खासगीत कर्ज काढण्याआधी जवळच्या सरकारी रुग्णालयात एकदा चौकशी करा.

डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारा

१. आमचं वय आणि प्रयत्नांचा काळ पाहता, काहीच न करता पुढच्या सहा महिन्यांत गर्भ राहण्याची शक्यता किती?

२. या उपचाराच्या एका सायकलमध्ये मूल होण्याची शक्यता किती? फक्त टेस्ट पॉझिटिव्ह येण्याची नाही.

३. किती सायकलनंतर आपण पुढची पायरी घ्यायची?

४. या तपासणीचा निकाल काहीही आला, तरी उपचार बदलणार आहे का? बदलणार नसेल तर ती कशाला?

५. औषधं, सोनोग्राफी आणि गर्भ गोठवून ठेवणं धरून एकूण खर्च किती?

दोष कुणाचा?

रिपोर्टमध्ये कारण नसलं की घरातले लोक कारण शोधू लागतात. बहुतेक वेळा बोट सुनेकडे जातं. डोहाळजेवणाला तिला बोलावत नाहीत, हळदीकुंकवाला ओटी भरताना हात आखडतो. कुणी म्हणतं नोकरी सोड, कुणी म्हणतं नवस बोल. नवराही आतून खचतो, पण त्याला बोलायला जागा नसते.

कारण न सापडणं याचा अर्थ कुणाचा तरी दोष लपलेला आहे, असा होत नाही. 'ताण घेऊ नकोस, आपोआप होईल' हा सल्ला प्रेमाने दिलेला असला, तरी त्यातून 'तुझ्या ताणामुळेच होत नाही' असा अर्थ निघतो. नेहमीच्या ताणामुळे मूल होत नाही, असं ठामपणे सांगणारा पुरावा नाही. पण मूल होत नाही म्हणून ताण येतो, हे मात्र नक्की. झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, एकमेकांशी बोलणं तुटत असेल, तर समुपदेशकाकडे जा. तोही उपचाराचाच भाग आहे.

शेवटी एक गोष्ट दोघांनी मिळून आधीच ठरवून ठेवा: किती वेळ, किती पैसे आणि कोणत्या पायरीपर्यंत. ही मर्यादा पुढे बदलता येते. पण ती ठरलेली असली, की प्रत्येक निगेटिव्ह टेस्टनंतर घाबरून निर्णय घ्यावा लागत नाही. कारण न सापडलेल्या अनेक जोडप्यांना पुढे मूल होतं, काहींना उपचारांनी तर काहींना उपचारांशिवाय. ज्यांना होत नाही, त्यांच्यासाठी दत्तकाचा मार्ग खुला असतो आणि दोघांचंच आयुष्यही असतं. यापैकी काय निवडायचं, हा निर्णय त्या दोघांचा आहे, 'गोड बातमी कधी?' विचारणाऱ्यांचा नाही.